मागच्या दारांचा प्रश्न

१९५७ची शेव्हर्ले प्लास्टिकच्या किटमधून १/२५ मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढी, बांधायची म्हटलं, तर पहिल्या नजरेला निवडीला तोटा दिसत नाही. बेल एअर हार्डटॉप (काचांमध्ये मधला खांब नसलेली) आहे, कन्व्हर्टिबल आहे, नोमॅड ही दोन दारी वॅगन आहे. १५० मालिकेतली 'ब्लॅक विडो' ही दोन दारी सेडानही रेव्हेल या किट-कंपनीने काढली आहे. आता त्या वर्षी कारखान्यातून खरोखर काय बाहेर पडलं ते पाहा. १५०, २१० आणि बेल एअर अशा किमतीच्या तीन पायऱ्या होत्या. त्यांत दोन दारी सेडान, चार दारी सेडान, दोन दारी हार्डटॉप, चार दारी हार्डटॉप, कन्व्हर्टिबल, दोन आणि चार दारांच्या वॅगनी आणि शिवाय माल वाहणारी सेडान डिलिव्हरी. सगळ्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, एकच, ११५ इंच. २१० आणि बेल एअर यांच्या चार दारी सेडान मिळून त्या साली पाच लाखांहून जास्त बनल्या. नोमॅड बनल्या सहा हजारांच्या घरात. किटच्या दुकानात हे प्रमाण नेमकं उलटं झालं आहे. सहा हजारांची गाडी दशकानुदशकं नव्या पेटीत घालून पुन्हा विकली जाते. पाच लाखांची गाडी मात्र मोठ्या कंपनीच्या साच्यातून मिळत नाही.

क्लासिक गाड्यांच्या किटमध्ये बॉडीचे प्रकार वाढवा, ही मागणी मूठभर हौशी लोकांचा हट्ट म्हणून बाजूला सारली जाते. पण मापात बांधलेली गाडी कपाटात पन्नास वर्षं टिकते, खरी गाडी पंधरा-वीस वर्षांत भंगारात जाते. नातवंडांना जुना रस्ता कसा दिसत होता हे कळतं ते फोटोंतून आणि अशा छोट्या वस्तूंतून. त्या वस्तूंत फक्त शोरूमच्या काचेतली गाडी उरली, तर तिच्यामागे रांगेत उभी असलेली टॅक्सी, डॉक्टरांची सेडान, दूधवाल्याची व्हॅन आणि सहा जणांचं कुटुंब कोंबून नेणारी वॅगन हे सगळं पुसलं जातं. गाडीला दारं किती आणि मागे टप कसा, यावरून तिच्यात कोण बसत होतं ते समजतं.

ही निवड झाली कशी, तेही सांगायला हवं. एएमटी ही किट-कंपनी १९४८मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये सुरू झाली. तिचं सुरुवातीचं काम म्हणजे डीलरसाठी तयार छोट्या गाड्या बनवणं. गिऱ्हाइकाला रंग दाखवायचा, त्याच्या पोराच्या हातात एक गाडी द्यायची, एवढा त्यांचा उपयोग. डीलरला मिरवायची असे ती वरच्या किमतीची, दोन दारांची. १९५८पासून 'थ्री इन वन' किट निघाली. त्यात तीच गाडी कारखान्यातून आली तशी, सजवून किंवा शर्यतीची म्हणून बांधता येई. शर्यतीच्या वेडातल्या पोरांनाही दोन दारांचीच बॉडी हवी होती. म्हणजे एकदा डीलरने चाळणी लावली आणि दुसऱ्यांदा शर्यतीने. त्यावर आणखी एक नुकसान असं झालं की नवं साल आलं की बऱ्याचदा जुनाच साचा खोदून, भरून नव्या सालाचा केला जाई. त्यामुळे त्या काळात जे थोडे वेगळे प्रकार निघाले, त्यांतले कित्येक साचे जुन्या रूपात उरलेच नाहीत. राउंड टू कंपनीने एएमटीच्या नावाखाली १९६३ची शेव्ही टू नोव्हा स्टेशन वॅगन अलीकडे परत आणली, हे फार चांगलं झालं. पण अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी.

पुण्यात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण इथल्या आठवणीतल्या गाडीला मागे दारं असतातच. अँबॅसेडरला चार, फिएटला, म्हणजे पुढच्या पद्मिनीलाही चार. गणपतीची मूर्ती मांडीवर घेऊन बसलेली आजी मागच्या दारातून उतरते; पुढची सीट वाकवून तिला बाहेर काढायचं, ही कल्पनाच करवत नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फिएट आणि उत्तरपाड्याची अँबॅसेडर या दोन गाड्यांनी तीन पिढ्यांची लग्नं, बाळंतपणं आणि अंत्ययात्रा पाहिल्या. अँबॅसेडर २०१४मध्ये बंद झाली. खेळण्यात त्या मिळतात, मागे ओढून सोडायच्या प्लास्टिकच्या गाड्यांमध्ये मिळतात. पण इंजिन, चासी, आतली सीट, डॅशबोर्ड जोडून बांधता येईल अशी मापातली किट घ्यायला निघालात, तर जर्मन, जपानी, अमेरिकी गाड्यांच्या ढिगाऱ्यातून रिकाम्या हाताने परत यावं लागतं.

तिसरी गाडी याहून बोलकी आहे. ट्रायम्फ हेरल्ड इंग्लंडमध्ये १९५९ला आली. जियोव्हानी मिकेलोत्तीने तिचा आकार आखला. त्या काळी बाकीच्या बऱ्याच कंपन्या चासी आणि बॉडी एकजीव करण्याकडे वळल्या होत्या, हेरल्डने मात्र वेगळी चासी ठेवली आणि बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टने जोडली. बोनेट मडगार्डांसकट पुढे कलंडतं, टप सोडवता येतो. म्हणून त्याच सांगाड्यावर सलून, कूपे, कन्व्हर्टिबल, इस्टेट आणि कुरिअर नावाची मालाची व्हॅन, असे पाच प्रकार त्यांना सहज काढता आले. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१पासून ती इथे बनवायला घेतली आणि १९६८च्या सुमारास चार दारांची हेरल्ड काढली. ही चार दारी हेरल्ड इंग्लंडने कधीच बनवली नाही; ती फक्त आपली. एअरफिक्स या इंग्लिश किट-कंपनीची हेरल्ड १/३२ मापात जुन्या काळापासून आहे, पण ती इंग्लंडची दोन दारी सलून. ज्या गाडीचा जन्मच बॉडी बदलता यावी म्हणून झाला, तिची किटही एकाच बॉडीत अडकली. आपल्याकडची हेरल्ड हवी असेल तर करवत हातात घ्या.

'मग घ्या ना करवत,' हे या वादातलं सगळ्यात नेहमीचं उत्तर. दोन दारांची चार दारं करणं हे हौशी माणसाचं कामच आहे, त्यासाठी कंपनीने साचा का खोदावा, असं म्हटलं जातं. म्हणून त्या कामात नेमकं काय काय येतं ते नीट मांडायला हवं. १९५७च्या शेव्हर्लेचंच उदाहरण घेऊ.

पहिला निर्णयच बहुतेकांचा चुकतो. हार्डटॉपची बॉडी स्वस्त आणि सहज मिळते म्हणून ती घेतली जाते. पण खऱ्या गाडीत हार्डटॉपचा टप सेडानपेक्षा बुटका आहे आणि पुढची काचही वेगळी, कमी उंचीची. मधला खांब लावून चार दारं आखली तरी गाडी दबलेली दिसते, आणि दोष नेमका कुठे आहे ते कळत नाही. सुरुवात १५०च्या दोन दारी सेडानपासूनच करायची. तिचा टप आणि पुढची काच चार दारीच्या जवळ जाते. मग दाराच्या रेघा. चार दारीचं पुढचं दार आखूड असतं, त्यामुळे दोन दारीच्या दाराची मागची रेघ बुजवायची. तिथे पुट्टी भरू नका. पुट्टीतला द्राव सावकाश उडतो, ती महिनाभर आक्रसत राहते, आणि रंग वाळून पॉलिश झाल्यावर जुन्या दाराची भुतासारखी रेघ वर येते. त्या खाचेत पाव मिलीमीटर जाडीची स्टायरिनची, म्हणजे किटच्याच प्लास्टिकची, पट्टी उभी बसवून किटच्या पातळ सिमेंटने (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाने) वितळवायची आणि किमान २४ तास हात लावायचा नाही. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ४८ तास धरा. मग ३२०, ६००, १००० असा पॉलिश पेपर, पाण्यासकट. फेव्हिक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवून भरणारेही आहेत. ती पद्धत चांगली, पण तासाभरात घासून घ्यावी लागते. दुसऱ्या दिवशी ते भरण भोवतालच्या प्लास्टिकपेक्षा कडक होतं, पेपर मऊ प्लास्टिक खातो आणि मधे उंचवटा उरतो.

नव्या रेघा कोरताना खरी परीक्षा. १/२५ मापात अर्ध्या मिलीमीटरची चूक म्हणजे खऱ्या गाडीवर साडेबारा मिलीमीटर, बोटाच्या रुंदीएवढी फट. सरळ रेघ जाड चिकट टेपच्या कडेने, सुरीच्या पाठीने, दाब न देता दहा-बारा वेळा ओढायची. पहिल्याच फटक्यात खोल गेलात की सुरी घसरते आणि बाहेरचा चरा भरत बसावं लागतं. मागच्या दाराची खालची कड चाकाच्या कमानीवरून वळते, तिथे टेप चालत नाही. अर्ध्या मिलीमीटरच्या शीटमधून त्या वळणाचा नमुना कापून दोन्ही बाजूंना तोच उलटा करून लावावा, नाहीतर डावं आणि उजवं दार जुळत नाही. मधला खांब साधारण एक बाय दोन मिलीमीटरच्या पट्टीचा. तो चिकटवण्याआधी उंबऱ्याच्या आतून आडवी पट्टी मारून बॉडीची रुंदी जखडून घ्यायची. हे विसरलं की जुना खांब कापल्याबरोबर बॉडी मधे आत येते आणि शेवटी चासी बसत नाही. दाराच्या मुठी दोन होत्या, आता चार लागतात. बाजूची क्रोमची पट्टी १५०ची एक, २१०ची वेगळी, बेल एअरची तिसरी.

एवढं करून बाहेरचं झालं. आत बघितलं तर पुढची सीट दोन दारीची. मागे जायला वाट हवी म्हणून तिची पाठ मधे चिरलेली, पुढे वाकणारी. चार दारीची पाठ एकसंध असते. ती सीट बदलायची. दारांची आतली पॅनेल दोनाऐवजी चार हवीत, त्यावर काच चढवायच्या चार मुठी आणि हातटेक. मग रंग. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारं एनसी थिनर थेट स्टायरिनवर गेलं तर प्लास्टिकवर जाळी पडते, तीही नेमकी नव्याने घासलेल्या, उघड्या जागी आधी पडते. म्हणून किटसाठीचा प्रायमर पातळ थरांत द्यायचा. पावसाळी दुपारी लॅकर मारला की हवेतली वाफ बसून पांढरी झाक येते. तसं झालं तर खरवडू नका. कोरड्या दिवशी हलका थर पुन्हा मारला की बहुतेकदा ती जाते.

हे सगळं एका गाडीसाठी. जाणकार हातांचे दोन-तीन महिने संध्याकाळी यात जातात, आणि तरी हे सगळ्यात सोपं रूपांतर आहे. वॅगन करायची तर मधल्या खांबाच्या मागे जवळपास काहीच कामाचं उरत नाही. टप, मागचे खांब, डिकीच्या जागी फाटक, मागच्या काचा, सगळं नव्याने. आणि ही कसरत जगात शेकडो माणसं आपापल्या टेबलावर, एकमेकांना न भेटता, एकाच गाडीसाठी करतात. एक चांगला साचा ती सगळी मेहनत वाचवू शकतो. कौशल्याला माझा विरोध नाही, पण कौशल्य रंगकामात, इंजिनाच्या वायरिंगमध्ये, झिजलेल्या सीटच्या छटेत लागावं. कंपनीने सोडून दिलेलं मूलभूत काम भरून काढण्यात ते खर्ची पडू नये.

दुसरं उत्तर रेझिनचं. छोटे कारागीर रेझिन या हाताने ओतायच्या प्लास्टिकच्या बॉड्या विकतात आणि त्यांनीच आजवर चार दारी गाड्या जिवंत ठेवल्या, हे मान्य करायलाच हवं. पण रेझिनची बॉडी हाती आली की आधी साबणाच्या पाण्याने घासून साच्याचं तेल काढावं लागतं, नाहीतर रंग सालीसारखा निघतो. ती वाकडी आलेली असते. गरम पाण्यात बुडवून, चासीवर दाबून, थंड पाण्यात धरून ती सरळ करायची, आणि तरी पुण्याच्या एप्रिलमध्ये कपाटात ती पुन्हा वाकू शकते. घासताना उडणारी पूड छातीला वाईट, म्हणून ओलं घासायचं आणि मास्क लावायचा. काचा बऱ्याचदा मिळतच नाहीत, पारदर्शक शीट कापून बसवाव्या लागतात. शिवाय चासी-इंजिनासाठी मूळ किट वेगळी विकत घ्यायची, वर टपालखर्च आणि सीमाशुल्क. शाळकरी पोराला हा मार्ग बंदच आहे. थ्री-डी छपाईने बरंच सोपं केलं, पण टपासारख्या सपाट वळणावर थरांच्या पायऱ्या दिसतात, आधाराच्या काड्यांचे डाग घासावे लागतात, आणि अतिनील दिव्याखाली जास्त वेळ राहिलेली पातळ भिंत ठिसूळ होऊन खांबापाशी तुटते. छपाई नमुन्यासाठी उत्तम. हजारो जणांना पुरवठा करायला अजून ओतीव स्टायरिनच हवं.

आता कंपनीची बाजू. बॉडीचा साचा हा किटमधला सगळ्यात महाग तुकडा असतो, हे खरं आहे. बाकीचे भाग वरखाली उघडणाऱ्या साध्या साच्यात पडतात. बॉडी एकसंध ओतायची तर चारही बाजूंनी सरकणारे ठोकळे लागतात, टपासाठी वेगळा. ते जुळतात तिथली बारीक रेघ मडगार्डावर दिसते, ती प्रत्येक बांधणाऱ्याला ओळखीची असते. म्हणून दुसऱ्या बॉडीचा खर्च थोडा नसतो. पण तो संपूर्ण किटचा खर्चही नसतो. शंभर-सव्वाशे भागांची किट उघडून मोजून पाहावी. इंजिन, गिअरबॉक्स, चासी, धुरा, स्प्रिंगा, चाकं, टायर, पुढचा बंपर, जाळी, दिवे, डॅशबोर्ड, स्टिअरिंग हे सगळं चार दारीला तसंच चालतं. बदलतात ते बॉडी, काचा, आतली पॅनेल, सीट. वॅगन असेल तर मागचा बंपर आणि फाटक. कन्व्हर्टिबल असेल तर चासीसुद्धा, कारण खऱ्या गाडीत टप गेल्याची भरपाई म्हणून खाली फुलीसारखी आडवी बळकटी घातलेली असते. बहुतेक वेळा पंधरा-वीस भागांचा मामला.

हे पहिल्या दिवशीच ठरवलं तर खर्च आणखी उतरतो. किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटींना जोडलेले येतात, त्यांतल्या एका वेगळ्या चौकटीत बॉडीनुसार बदलणारे भाग ठेवायचे, काचांची चौकट वेगळी, सामायिक भागांची वेगळी. एकाच साच्यात दोन्ही सीट बसवल्या असतील, तर वितळलेलं प्लास्टिक जाण्याची वाट फिरत्या अडसराने बंद करता येते आणि हवी तीच सीट ओतली जाते. चूक तिथे होते जिथे पहिली किट एकटीच समजून आखली जाते. दोन दारीची सीट चासीच्या चौकटीतच गुंफली, की पुढे चार दारी काढताना अख्खी चौकट पुन्हा खोदावी लागते. मग दुसरी बॉडी परवडत नाही म्हणायचं. ती परवडू नये अशीच मांडणी आधी केलेली असते.

ज्यांनी मांडणी नीट केली, त्यांचं काम समोर आहे. युक्रेनच्या आयसीएमने १/२४ मापात फोर्ड मॉडेल टी काढली. एकाच चासी-इंजिनावर टूरिंग, रोडस्टर, मालाची गाडी आणि अग्निशामक बंबसुद्धा. जपानच्या एब्रोने रेनॉ ४ची सलून काढली आणि मागून तिची फूरगोनेत व्हॅनही. हासेगावाने फोक्सवॅगनची टाइप टू प्रवासी बस, मालाची व्हॅन आणि पिकअप अशा रूपांत दिली. जपानात तर निसान स्कायलाइन जीटी-आर चार दारीही मिळते आणि दोन दारीही. कारण खरी जीटी-आर १९६९ला चार दारांचीच आली, दोन दारी पुढच्या वर्षी. टोयोटा क्राउनच्या पोलिसगाड्या, टोयोटाचीच जेपीएन टॅक्सी, साध्या पिकअपा, हेही तिथे किटमध्ये येतं. जपानी मुलगा रोज रस्त्यावर पाहतो ती गाडी दुकानातही बघतो. चार दारी विकली जात नाही हा नियम असता, तर हे सगळे साचे कुणी खोदले नसते. अमेरिकी बाजाराची सवय हा जगाचा नियम समजला गेला आहे.

आता पुण्याकडे, कारण या प्रश्नाचा सगळ्यात सुंदर दाखला पिंपरी-चिंचवडमध्ये घडला. टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, १९८८मध्ये टाटामोबाइल हा पिकअप आणला. त्याच्याच सांगाड्यावर १९९१ला सिएरा आली. तिला बाजूला दोनच दारं, आणि मागे टपात वळलेली न उघडणारी मोठी काच. १९९२ला इस्टेट आली, चार दारं आणि लांब टपाची स्टेशन वॅगन. १९९४ला सुमो. एकाच वंशातला पिकअप, दोन दारी, वॅगन आणि दहा माणसं कोंबणारी चौकोनी गाडी. किटवाल्याला याहून सोयीचं कुटुंब कुठे मिळणार? एक इंजिन, एक गिअरबॉक्स, सुमो सोडली तर बराचसा पुढचा भाग सामायिक, आणि चार पेट्या. २०२५मध्ये टाटांनी सिएरा हे नाव परत आणलं, मागच्या दारांसकट. जुन्या सिएराची आठवण काढणाऱ्यांची संख्या तेव्हा सगळ्यांनी पाहिली. इस्टेटबद्दल बोलणारे कमी, पण नव्वदच्या दशकात ती कर्वे रस्त्यावर दिसली की माना वळत. तिच्याच जोडीला आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर घ्या. शाळेची व्हॅन, रुग्णवाहिका, भाजीचा पिकअप, मिनीबस. कंपनीच्या नावातला 'टेम्पो' हा शब्द मराठीत मालवाहू गाडीचं सामान्यनाम होऊन बसला, आणि त्या गाडीची मापातली किट नाही.

साचे बनवणारे हात बाहेरून आणायची गरज नाही. भोसरीच्या एमआयडीसीत आणि चाकणला अशा टूलरूम आहेत ज्या गाड्यांचे डॅशबोर्ड, दिव्यांची घरटी, दारांची पॅनेल यांचे साचे वर्षानुवर्षं खोदतात. मीटरभर लांबीच्या पॅनेलवर कातड्यासारखी पोत उमटवणाऱ्या हातांना ११७ मिलीमीटर व्हीलबेसची बॉडी अवघड नाही. सुरुवात पोलादाच्या साच्याने करायचीही सक्ती नाही. काही हजार नग काढायचे तर अ‍ॅल्युमिनियमचा साचा पुरतो. अडतं ते दोन ठिकाणी. गाडीचा आकार आणि नाव वापरायची परवानगी छोट्या उत्पादकाला मिळणं कठीण आणि महाग असतं. वाहन कंपन्यांनी बंद झालेल्या, वीस-तीस वर्षं जुन्या गाड्यांसाठी नाममात्र शुल्काची, सोपी परवानगी ठेवावी. त्यात त्यांचं काही जात नाही. दुसरी अडचण रेखाचित्रांची. जुन्या बॉडीचे कागद कंपनीत असले तरी बाहेर येत नाहीत, आणि गाड्या झपाट्याने भंगारात चालल्या आहेत. सिएरा निदान कुणीतरी जपतं. इस्टेट, मॅटाडोर व्हॅन, चार दारी हेरल्ड यांना कुणी 'व्हिंटेज' म्हणत नाही, रॅलीत नेत नाही. पंधरा वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली की मालक हिशेब घालतो आणि गाडी जाते.

कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात मुलं तासभर काचेला नाक लावून उभी राहतात. तिथे रुळांइतकंच भोवतालचं शहर त्यांना धरून ठेवतं. त्यांच्या आजोबांच्या शहरातली गाडी त्यांना हातांनी जोडता यावी, एवढंच मागणं आहे. आणि ते पूर्ण होईपर्यंत एक काम कुणालाही थांबवता येणार नाही: मापं घेऊन ठेवणं.

गल्लीत अशी गाडी उभी दिसली की मालकाची परवानगी घ्या. बाजूचा फोटो पंचवीस-तीस पावलं मागे जाऊन, कॅमेरा झूम करून, दाराच्या मुठीच्या उंचीवरून घ्या. जवळून घेतलेल्या फोटोत पुढचं-मागचं टोक लहान दिसतं आणि त्यावरून काढलेली बॉडी फुगते. चौकटीत एक मीटरची पट्टी गाडीला टेकवून उभी असू द्या, म्हणजे फोटोतून माप काढता येतं. व्हीलबेस दोन्ही बाजूंनी मोजा, जुन्या गाडीत तो थोडा वेगळा निघतो. टपाचं वळण जाड तार वाकवून उतरवा: एकदा मधल्या खांबापाशी आडवं, एकदा पुढच्या काचेपासून मागच्यापर्यंत उभं. तार कागदावर ठेवून कड आखा आणि गाडीची पुढची बाजू कुठली ते लगेच लिहा. घरी आल्यावर ते आठवत नाही. दारांच्या फटी, मुठींची जागा, पावसाच्या पन्हाळीची रुंदी, काचेच्या रबराची जाडी. आत सीटची पाठ चिरलेली की एकसंध, तेही. शेवटी मागचं दार पूर्ण उघडून त्याच्या कडेचा फोटो घ्या, कारण बिजागऱ्या कुठे आहेत हे बंद दारावरून कधीच कळत नाही.